डबिंगला सांगतो, म्हणाला होतास

प्रभ्या,

डबिंगची तारीख मी रद्द केली नाही. आपल्या निर्मात्याने, गुलाटीने, दोनदा फोन करून विचारलं की स्टुडिओला कळवायचं का, तर मी म्हटलं, राहू दे. तुला मातीत ठेवून आलो त्याला जेमतेम आठवडा झाला होता. तारीख तुझी होती. वेळही तूच मागून घेतली होतीस, सकाळची, कारण दुपारी जेवल्यावर तुझा आवाज जड होतो असं तुझं म्हणणं. मी वेळेवर गेलो. भसीन, आपला साऊंडवाला, मशीनवर बसला होता. त्याने चहा मागवला आणि आम्ही दोघांनी सिनेमा पहिल्यापासून लावला. तू पडद्यावर आलास, चावीसाठी खिसे चाचपत, आणि मला तुझा राग आला. रडू नंतर आलं. आधी रागच आला.

आपल्या मराठी मंडळात शोकसभा झाली. तू किती साधा होतास, किती नम्र, सरकारी नोकरी सांभाळून कलेची सेवा कशी केलीस, असं बरंच काही लोक बोलले. मी खाली मान घालून ऐकत होतो. नम्र म्हणे. तुझ्याइतका हेकट माणूस मी अख्ख्या दिल्लीत पाहिला नाही, आणि मी स्वतः रोज आरशात एक पाहतो. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दोन वाक्यांत उरकलं. जे बोलायचं होतं ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

पहाडगंजच्या आपल्या मराठी शाळेचं स्नेहसंमेलन आठवतंय ना? तू उंच म्हणून बाईंनी तुला राजा केला. पाठांतराच्या नावाने तुझी बोंब. शेवटी बाईंनी मला विंगेत बसवलं, हातात नाटकाचं पुस्तक देऊन, आणि सांगितलं की भालेराव अडला की वाक्य पुरव. तू अडला नाहीस, तू पहिल्या वाक्यापासून माझ्याकडे पाहत उभा राहिलास. मी पुरवलं, "प्रधानजी, आमचा धीर आता सुटत चालला आहे." तू ऐकलंस, मान डोलावलीस, आणि प्रधानाला म्हणालास, "प्रधानजी, जरा पाणी सांगता का?" समोर पालक म्हणून बसलेली सगळी क्लार्क मंडळी आणि त्यांच्या बायका हसल्या. मग हसता हसता गप्प झाल्या, कारण तू पाणी खरंच तहान लागल्यासारखं मागितलं होतंस. बाई तुझ्यावर भडकल्या, माझ्यावरही. घरी जाताना मी विचारलं, मी सांगितलेलं का नाही बोललास? तू म्हणालास, तेच बोललो मी.

तेव्हापासून मी तुझा प्रॉम्प्टर. पुढे मी माहितीपट करणाऱ्या खात्यात लागलो, कॅमेऱ्याच्या मागे उभा राहायला शिकलो, लोक मला सर म्हणायला लागले, तरी तू चारचौघांत, निर्मात्यासमोर, एकदा तर सचिवसाहेबांसमोर, "ए प्रॉम्प्टर" म्हणूनच हाक मारलीस. मी दर वेळी चिडायचो. आता कोणी मारणार नाही ती हाक, आणि मला ती हवी आहे. लिहिताना बरं वाटत नाही, पण तसं आहे.

आपली काम करायची तऱ्हा कोणाला सांगितली तर खरी वाटत नाही. मी दिल्लीत जन्मलो, हिंदीत भाजी घेतली, हिंदीत भांडलो, पण वाक्य सुचायचं ते मराठीतच. सिनेमे आपले हिंदी. तुझं हिंदी गल्लीत खेळून आलेलं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. तू पाठ करणार नाहीस हे ठरलेलं. मग कॅमेरा चालू झाला की मी बाजूला उभा राहून वाक्य मराठीत सांगायचो आणि तू ते ऐकून, क्षणभर थांबून, हिंदीत बोलायचास. शूटिंगच्या त्या आवाजात माझाही आवाज यायचा, म्हणून सगळं नंतर स्टुडिओत पडद्याकडे पाहून पुन्हा बोलावं लागायचं. डबिंगचा हा उद्योग दर निर्मात्याच्या डोक्यात जायचा. आणि डबिंगलाही तू काचेपलीकडे हेडफोन लावून बसायचास आणि मी अलीकडून मराठीत सांगायचो. एकदा एका निर्मात्याने विचारलं, अब तो सामने पर्दे पर दिख रहा है, अब क्यों बता रहे हो? तू त्याला म्हणालास की आमच्यात असंच असतं, घराण्याचा रिवाज आहे. बिचाऱ्याला पटलं.

त्यात तू माझं वाक्य जसंच्या तसं कधीच बोलला नाहीस. आपल्या मालिकेतला दुकान विकणाऱ्या भावाचा तो प्रसंग घे. दोन भाऊ, धाकट्याने वडिलांचं दुकान परस्पर बिल्डरला विकलेलं, थोरला तू. मी वाक्य दिलं, "मला न विचारता विकलंस?" मला त्या वाक्याचा अभिमान होता. तू धाकट्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "चाय पिओगे?" मी शॉट थांबवला. पुन्हा घेतला, पुन्हा चहा. सगळ्या युनिटसमोर मी ओरडलो की मी काय वाक्य दिलंय? तू शांतपणे म्हणालास, "तेच बोललो मी." तो धाकट्याचं काम करणारा पोरगा डोळे पुसत होता, ते तुझ्या पथ्यावर पडलं. वाक्य चहाचंच राहिलं.

ते दिवस भराभर बदलत होते. कालपर्यंत एक सरकारी चॅनेल होतं, बघता बघता डझनभर झाली आणि सगळ्यांना गोष्टी हव्या होत्या. कारखान्यांना फिल्मा हव्या होत्या. मानेसरच्या त्या गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यासाठी आपण सुरक्षेवर फिल्म केली, त्यात तू फोरमन होतास. मी सांगितलेलं वाक्य होतं, "हातमोजे घातल्याशिवाय मशीनला हात लावू नका." ते तू कसं वाकवणार याची मला उत्सुकता होती. तू त्या कामगाराचा हात हातात घेतलास, उलटासुलटा पाहिलास आणि विचारलंस, "शादी हो गई तेरी?" कंपनीच्या साहेबाने कपाळाला हात लावला. पण दुपारच्या सुट्टीत कंपनीच्या बसमधून उतरलेली दुसऱ्या पाळीची मुलं तुला खरा फोरमन समजून रजेचं विचारायला आली, आणि तू त्यांना रजा देऊन टाकलीस. साहेबाला ते निस्तरायला आठवडा लागला. आपण परतीच्या वाटेवर इतके हसलो की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली.

आणि मग त्या दुकानाच्या मालिकेचं कौतुक झालं. वर्तमानपत्रात आलं की संवाद विलक्षण आहेत. संवादांखाली नाव माझं होतं. तू घरी आलास, बसला नाहीस, आणि म्हणालास की पुढच्या भागापासून तिथे दोन नावं हवीत. मी म्हटलं, प्रत्येक वाक्य आधी मी बोलतो, तू त्याचं हिंदी करतोस, भाषांतर करणाऱ्याला कोणी लेखक म्हणत नाही. तू म्हणालास, आणि प्रॉम्प्टरला म्हणतात?

त्यावर मी काय बोललो ते आपल्या दोघांना माहीत आहे, इथे लिहीत नाही. पण मुद्द्याचं अजून सांगतो. मी वाक्य दिलं नसतं तर तू चहा कोणत्या वाक्याऐवजी विचारला असतास? नुसता चहा विचारणारी माणसं घरोघर आहेत. तू म्हणशील, आणि नुसतं "मला न विचारता विकलंस" म्हणणारीही. म्हण. हा वाद मी तू गेलास म्हणून सोडणार नाही.

मधली तीन-चार वर्षं आपण बोललो नाही. मी मुंबईहून एक नट आणला. देखणा, वक्तशीर, वाक्यं तोंडपाठ. मी लिहिलेला शब्द न् शब्द बोलला. एडिटिंगला बसलो तर सगळी माणसं एकमेकांना निबंध वाचून दाखवत होती. तूही कोणातरी नव्या दिग्दर्शकाकडे गेलास. त्याने तुला हिंदीत छापलेली पानं आदल्या दिवशी घरी पाठवली. टीव्हीवर मी पाहिलं ते, प्रभ्या. तुझ्यापेक्षा खांब बरा. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही थोडा. पण मग जेवण गेलं नाही.

आपली भेट झाली ती कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहाच्या कॅन्टीनमध्ये. मी थालीपीठ खात होतो. आजूबाजूला परीक्षेची तयारी करणारी, बीड-लातूरकडची मुलं. तू आत आलास आणि त्यातल्या एकाने तुला ओळखलं, चहावाले काका म्हणाला. मला कोणी ओळखलं नाही, हे तू बघून घेतलंस, मला माहीत आहे. मग माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिलास. इतक्या वर्षांत मी तुला काय काय म्हणणार होतो ते मनात नीट रचून ठेवलेलं होतं, परिच्छेद पाडून. तोंडातून निघालं, "बस. थालीपीठ संपत आलंय तिथे, लवकर सांग."

तू खुर्ची ओढलीस, बसलास आणि हसत सुटलास. "हेच," म्हणालास, "हेच मी तुला इतकी वर्षं सांगतोय."

दोघांपैकी कोणी माफी मागितली नाही. थालीपीठ मात्र तुला मिळालं.

त्याच टेबलावर आपला हा शेवटचा सिनेमा ठरला. निवृत्त माणूस, सरकारी क्वार्टर सुटलेलं, मुलगा त्याला गुडगावच्या नव्या टॉवरमध्ये घेऊन जातो. लिफ्ट आहे, स्विमिंग पूल आहे, खाली गार्ड सलाम ठोकतो, आणि म्हाताऱ्याला दिवसभर करायला काही नाही. तू नुकताच क्वार्टर सोडून द्वारकेच्या सोसायटीत राहायला गेला होतास. मी म्हटलं, ही तुझी गोष्ट नाही हां. तू म्हणालास, नाहीच, माझ्याकडे स्विमिंग पूल कुठाय?

अर्धवट वस्तीच्या त्या टॉवरमध्ये आपण उन्हाळाभर शूटिंग केलं. जनरेटरचा घरघराट, समोर क्रेन, वीज गेली की बारा मजले पायी. तू मध्ये मध्ये जिन्यात बसायचास. मी विचारलं की ठीक आहेस ना, तर म्हणायचास, बिल्कुल, हवा खातोय. जिन्यात कसली आली हवा? हे वाक्य तरी मला उलटं वाचता यायला हवं होतं. पण तू ते इतकं सहज बोललास की मी पुढच्या शॉटचं सांगायला लागलो.

आणि तो शेवटचा शॉट. बाल्कनीत तू आणि मुलगा, कॅमेरा समोरच्या इमारतीच्या गच्चीवर, इतका लांब की तुमची तोंडं हलतात की नाही तेही कळू नये. मुलगा विचारतो, पापा, मन लग गया ना यहाँ? तू काहीतरी बोलतोस आणि सिनेमा संपतो. एवढ्या लांबून मला वाक्य पुरवता येईना, म्हणून तुझ्या पायाशी रेलिंगच्या आड वॉकीटॉकी ठेवला होता आणि शेजारी रेकॉर्डर. मी समोरच्या गच्चीवरून बोललो, "मला इथे करमत नाही."

तू रेलिंगला हात लावलास. खाली पाहिलंस. गप्प राहिलास. मी पुन्हा सांगितलं नाही, वाट पाहिली. तू तसाच. उजेड गेला आणि मी कट म्हटलं.

खाली आलास तो खुशीत. मी विचारलं, का रे बोलला नाहीस? म्हणालास, "सापडलंय मला. डबिंगला सांगतो. तोंड कुठे दिसतंय?" मी म्हटलं, आत्ता सांग. तू म्हणालास की आत्ता सांगितलं तर मी दोन आठवडे त्यात सुधारणा करत बसेन. खरं होतं ते, म्हणून जास्त राग आला. मी तुझ्याशी न बोलता गाडीत बसलो. तू काचेवर टकटक करून म्हणालास, चलो प्रॉम्प्टर, डबिंगला भेटू. चारच दिवसांनी रूथचा फोन आला. तुझ्या लेकीचा आवाज इतका शांत होता की तिला दोनदा सांगावं लागलं.

आता स्टुडिओतलं सांगतो. गुलाटीने एक आवाजाचा कलाकार पाठवला होता, नकला करण्यात पटाईत. त्याने तुझं एक वाक्य करून दाखवलं. हुबेहूब. मी त्याला हात जोडले आणि घरी पाठवलं. भसीनने मग एक गोष्ट दाखवली. शूटिंगच्या वेळचाच आवाज त्याने स्वच्छ करून पाहिला होता. माझं मराठी वाक्य संपेपर्यंत तू कधी तोंड उघडलेलं नाहीस, एकदाही नाही. आयुष्यभर कोणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस, पण तिथे माझं पूर्ण ऐकून घ्यायचास. त्यामुळे माझा आवाज कापून काढता आला आणि तुझा राहिला. मागे जनरेटर आहे थोडा, असू दे. सगळा सिनेमा तुझ्या आवाजात उभा राहिला. फक्त शेवटची जागा रिकामी. गुलाटी म्हणाला, इतने दूर से क्या दिखता है, कुछ भी डाल दो, "ठीक है बेटा" डाल दो. मी दोन दिवस बसलो. पानं भरली. तुझं वाक्य काही मला सापडेना, आणि तू ते बरोबर घेऊन गेलास म्हणून मी तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

शेवटी द्वारकेला तुझ्या घरी गेलो. सुशीलावहिनींनी चहा ठेवला. तुझ्या खुर्चीवर तुझी चर्चमधली गाण्यांची पुस्तकं होती, ती रूथने उचलून मला बसायला जागा केली. मी त्यांना विचारलं, शेवटच्या वाक्याबद्दल हा घरी काही बोलला होता का, त्याला सापडलं होतं म्हणे. रूथ हसली, म्हणाली, "काका, पप्पा तर हर फिल्मला हेच बोलायचे." वहिनींनी कप माझ्यासमोर ठेवला.

"यांना काही सापडलेलं नसायचं हो भाऊजी," त्या म्हणाल्या. "डबिंगच्या आदल्या दिवशी यांचं जेवणात लक्ष नसायचं. मी म्हणायची, काय ते ठरवून टाका एकदाचं. तर म्हणायचे, मला एकट्याला नाही सुचत. तो आधी बोलू दे."

मला तिथे बसवेना. चहा तसाच ठेवून मी बाल्कनीत गेलो आणि तुझ्या बायकोमुलीच्या देखत, वय विसरून, रडलो. वहिनींनी मला रडू दिलं. मग त्या म्हणाल्या, चहा गार झाला, दुसरा करते.

काल मी भसीनला सांगितलं की शेवटच्या शॉटमधला माझा आवाज काढू नको. वॉकीटॉकीतून आलेला, जरासा खरखरीत, मराठीतला, तसाच ठेव. गुलाटी वैतागला. लोकांना मराठी समजणार नाही, आणि हा बोलतोय कोण, असं त्याचं म्हणणं. बरोबर आहे त्याचं. समजलं तर ठीक, नाही समजलं तर एका माणसाने दुसऱ्याला काहीतरी सांगितलं एवढं तर कळेल. संवादांखाली नाव कोणाचं हे मी अजून ठरवलेलं नाही, घाई करू नकोस.

भसीनने विचारलं, "सर, आपकी लाइन के बाद कितना रखूँ?" मी म्हटलं, जितना है, पूरा.

मग आम्ही दिवे घालवून पाहिलं. मुलगा विचारतो. माझा आवाज येतो, "मला इथे करमत नाही." पुढे नुसता वारा आहे. मी बोललो आहे, प्रभ्या, आणि तू रेलिंगला हात लावून अजून ऐकतो आहेस.